देवघरातली लक्ष्मी आणि चित्राचा हक्क

मैत्रिणींनो, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण जी तसबीर पाटावर मांडतो, ती कधी नीट निरखून बघितली आहे? पाण्यातल्या कमळावर उभी लक्ष्मी, वरच्या दोन हातांत कमळं, शेजारी सोंडेत माळ घेतलेला हत्ती. हे रूप आपल्या डोळ्यांत इतकं बसलंय की, लक्ष्मी अशीच असते असं आपण धरूनच चालतो. पण हे रूप घराघरात पोचवलं ते एका माणसानं. त्यांचं नाव राजा रविवर्मा.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. घरात कलेचं वातावरण होतं. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रं काढत. धाकटी बहीण मंगलाबाई हीसुद्धा चांगली चित्रकार. चौदाव्या वर्षी मामा त्यांना तिरुअनंतपुरमच्या दरबारात घेऊन गेले. तैलरंगाचं तंत्र हातचं राखून न ठेवता शिकवणारं तिथे कोणी नव्हतं. मग काय, दुसऱ्याचं काम बघून बघून ते शिकले! पुढे १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं आणि राजेरजवाड्यांकडून बोलावणी येऊ लागली.

आपल्या मुलखाशी त्यांचं नातं जवळचं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून पुराणातल्या प्रसंगांची १४ चित्रं करवून घेतली. त्याचं मानधन होतं ५० हजार रुपये. त्या काळातले ५० हजार, बरं का! म्हणजे एका चित्राला सरासरी साडेतीन हजारांहून जास्त. या कामासाठी ते भावाला, सी. राजराज वर्मांना, घेऊन देशभर फिरले. सगळ्या देशाला आपली वाटेल अशी देवी कुठल्या पेहरावात दाखवायची, याचा शोध चालला होता. शेवटी त्यांच्या कितीतरी नायिकांच्या अंगावर आपली नऊवारी आली.

पण राजवाड्यातलं चित्र सामान्य माणूस कधी बघणार? तंजावरच्या मराठी घराण्यातले आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी त्यांना एक सल्ला दिला होता. मागणी करणारे पुष्कळ, आणि काढणारे हात दोनच. तेव्हा चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात. रविवर्मा त्याच्याही पुढे गेले. १८९४ साली त्यांनी मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. दगडावर छापायची ही पद्धत मोठी किचकट. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि एकेक रंग बरोब्बर आधीच्या रंगावर बसायला हवा. शकुंतलेच्या जन्माचं चित्र पहिल्यांदा छापलं गेलं. मग लक्ष्मी, सरस्वती निघाल्या आणि ज्यांना कधी अस्सल चित्र घेता आलं नसतं, त्यांच्या भिंतींवर जाऊन बसल्या.

लोकप्रियता मिळाली, पण हिशेब काही जुळेना. मुंबईत प्लेग आला. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला. कर्ज वाढत गेलं. त्यात बाजारात चित्रांच्या स्वस्त नकला! चित्रं आणि फोटो यांना नीट संरक्षण देणारा कायदा भारतात आला १९१४ साली, म्हणजे रविवर्मा गेल्यावर आठ वर्षांनी. शेवटी विसावं शतक उजाडल्यावर त्यांनी तो छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. सोबत ८९ चित्रं छापण्याचे हक्कही दिले. सगळं मिळून २५ हजार रुपये.

आता तुम्हीच हिशेब करा. १४ चित्रं काढून दिली तेव्हा ५० हजार. आणि ८९ चित्रं हव्या तितक्या वेळा छापायचा हक्क, वर अख्खा छापखाना, तो त्याच्या निम्म्यात! कर्जात बुडालेल्या माणसाला तेव्हा दुसरा मार्ग दिसला नसेल, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण पुढे हीच चित्रं कॅलेंडरवर आली, काडेपेटीवर आली, साबणाच्या जाहिरातीत आली. कंपन्यांचा माल देवीच्या चेहऱ्यावर खपला. हक्क एकदा पूर्ण विकला की, पुढच्या प्रत्येक प्रतीचा पैसा घेणाऱ्याचा असतो. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा गेले. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत जळाला. पण लक्ष्मी अजून आपल्या घरात आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. चित्राखाली चित्रकाराचं नाव आलं, छापखान्याचं आलं. पण चित्रासाठी समोर बसलेल्या बाईचं नाव काही आलं नाही.

ही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आज कशाला, असं वाटेल. पण आपल्या विदर्भातलंच बघा ना. कोणाचा मुलगा ताडोबात दिवस दिवस बसून वाघाचे फोटो काढतो. कोणाची लेक भंडाऱ्याच्या कोसा साड्यांचे फोटो काढून देते. एखादी कंपनी कॅलेंडरसाठी फोटो मागते, आणि आपण एका फोटोचे अमुक इतके म्हणून मोकळे होतो. खरं म्हणजे किंमत नुसत्या फोटोची नसते, वापराची असते. कुठे छापणार? किती प्रती? किती वर्षं? फक्त कॅलेंडरवर की मालाच्या खोक्यावरही? फोटो इतर कोणाला देता येणार की नाही? उत्तर जितकं मोठं, तितका मोबदला जास्त. जंगलात घालवलेले दिवस, कॅमेऱ्याचा खर्च आणि असा फोटो दुसऱ्या कोणाकडे आहे की नाही, हेही त्यात धरायचं.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा इथे मदतीला येतो. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मात्र कोणी पैसे देऊन खास फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसताना त्याचा हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून काम करण्याआधीच दोन ओळी लिहून घ्याव्यात. आणि फोटोत कोणी बाई असेल, तर तिला विचारून, तिचाही वाटा ठरवून मगच तो कंपनीला द्यावा.

यंदा लक्ष्मीपुढे दिवा लावताना हे घरातल्या मुलांना जरूर सांगा. कला विकायला हरकत नाही, पण हक्काच्या कागदावर सही करण्याआधी तो दोनदा वाचायला हवा!