पराभव साडेचौदा हजारांनी, बाद झालेली मतं ७४ हजार : बाबासाहेबांच्या १९५२ च्या निवडणुकीत नेमकं काय घडलं होतं?

सांगोल्यात कुणी म्हणालं की माझ्या एका मताने काय फरक पडतोय, तर समोरचा लगेच आकडे टाकतो. १९९५ ला गणपतराव देशमुखांसारखा माणूस इथं १९२ मतांनी पडला. २०१९ ला त्यांचे नातू अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले. दोन्ही वेळा शहाजीबापू पाटील आमदार झाले. आणि दोन्ही वेळा यादीत नाव असूनही केंद्राकडे न फिरकलेले लोक या फरकाच्या कितीतरी पट होते.

पण मत न देण्याचा एक दुसरा प्रकारही असतो. माणूस केंद्रावर जातो, बोटाला शाई लावून घेतो आणि तरीही त्याचं मत कुणाच्या खात्यात जमा होत नाही. जुन्या लोकांकडे याला शब्द होता, मत कुजवणं. या कुजलेल्या मतांचा देशातला सगळ्यात मोठा किस्सा ज्यांच्या वाट्याला आला, त्यांनीच देशातल्या प्रत्येक प्रौढ माणसाच्या हातात मत देण्यासाठी आयुष्य घालवलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

सुरुवात होते १९१९ च्या जानेवारीत. बाबासाहेब तेव्हा २७ वर्षांचे होते आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. मतदानाचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवायला इंग्रजांनी साउथबरो समिती नेमली होती, तिच्यापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या काळी मत म्हणजे मालमत्तेचा मामला. शेतसारा भरतो का, घर आहे का, शिक्षण किती, यावर नाव यादीत यायचं. ज्यांना शतकानुशतकं जमीनच मिळू दिली नाही त्यांचं नाव या यादीत येणार कुठून?

मत हे शिकल्यावर द्यायचं बक्षीस नाही, मत देता देताच माणूस राजकारण शिकतो, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९२८ ला सायमन कमिशनपुढेही त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. तेव्हाच्या बऱ्याच पुढाऱ्यांना ही मागणी जरा अतीच वाटत होती, हे विसरून चालत नाही.

१९३२ चा पुणे करार सगळ्यांना माहितीय. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा वाढून १४८ झाल्या. पण त्याचा अर्थ असा, की राखीव जागेवरचा उमेदवार कोण निवडणार हे आता सगळ्या समाजाची मतं ठरवणार. बाबासाहेबांना जी धास्ती होती ती नेमकी हीच.

पहिली परीक्षा झाली १९३७ ला. त्यांनी आदल्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता आणि स्वतः मुंबईतून उभे राहिले. समोर काँग्रेसने उतरवले होते पळवणकर बाळू, म्हणजे त्या काळातले नामांकित क्रिकेटपटू. बाबासाहेब जिंकले. इथं एक तांत्रिक गोष्ट आहे जी पुढं फार महत्त्वाची ठरते. मुंबई प्रांतात अशा बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता यायची. त्यामुळे गरीब, संख्येने कमी, पण एकजुटीने मत देणाऱ्या वस्त्यांचा जोर दिसायचा.

पुढे राज्यघटना आली. कलम ३२६ ने २१ वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळालं. सारा नको, शिक्षण नको, जात विचारायची नाही. साउथबरो समितीपुढच्या त्या साक्षीला ३० वर्षं लागली, पण गोष्ट कागदावर आली.

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद सोडलं आणि लगेच पहिली सार्वत्रिक निवडणूक लागली. देशात १७ कोटींच्या वर मतदार. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मतदानच केलं नाही, टक्का ४५ च्या आसपास राहिला. लाखो बायकांची नावं तर यादीतूनच गेली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असं लिहून दिलं होतं.

बाबासाहेब उभे राहिले उत्तर मुंबईतून. पक्ष शेड्युल्ड कास्ट फेडरेशन, निशाणी हत्ती. हा मतदारसंघ दुहेरी होता, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदाराने काही लिहायचं नाही, फक्त कागद पेटीत टाकायचा.

पण नियम १९३७ च्या उलट होता. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एकच मोजायचा, दुसरा बाद.

बाबासाहेबांची युती समाजवादी पक्षाशी होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. हिशोब सरळ होता, तुमचं दुसरं मत आम्हाला आणि आमचं दुसरं तुम्हाला. समोर काँग्रेसचे व्ही. बी. गांधी आणि नारायण काजरोळकर, शिवाय कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे.

निकाल लागला. बाबासाहेबांना १,२३,५७६ मतं पडली आणि ते काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी हरले. मेहताही हरले, पण त्यांना जवळपास १ लाख ४० हजार मतं होती. म्हणजे मेहतांच्या पेटीत एक कागद टाकणाऱ्या हजारो लोकांचा दुसरा कागद हत्तीच्या पेटीत गेलाच नाही, हे आकड्यांतच दिसतं.

आणि बाद मतपत्रिका किती निघाल्या? ७४,३३३. पराभवाच्या फरकाच्या पाचपट.

आता हे सगळे कागद बाबासाहेबांचेच होते असं म्हणणं चुकीचं ठरेल. काही भाबड्या लोकांनी नियम न कळून दोन्ही एकाच पेटीत टाकले असणार. काहींनी तर प्रेमापोटी दोन्ही हत्तीलाच दिले असतील, त्याने बाबासाहेबांचं एकही मत कमी होत नव्हतं. पण राखीव उमेदवाराला द्यायचं दुसरं मत मुद्दाम आपल्याच माणसाच्या पेटीत टाकून कुजवा, असा प्रचार झाला हा त्यांचा आक्षेप होता आणि बोट कम्युनिस्टांकडे होतं. बाबासाहेब आणि मेहता दोघांनी मिळून ही निवडणूक रद्द करा म्हणून अर्ज केला. त्यातून काही हाती लागलं नाही.

गंमत बघा, त्याच निवडणुकीत सोलापूरचा मतदारसंघही दुहेरी होता. तिथं सर्वसाधारण जागेवर शेकापचे शंकरराव मोरे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे पां. ना. राजभोज, दोघेही निवडून आले. हेच राजभोज पुणे कराराच्या वेळी बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होते. नेता मुंबईत पडला आणि त्याच्या पक्षाचा माणूस सोलापुरातून लोकसभेत गेला. नियम तोच, पेट्या तशाच, पण इथं दुसरा कागद जिथं जायचा तिथं पोचला.

१९५२ मध्येच बाबासाहेब राज्यसभेवर गेले. तरी लोकांमधून निवडून येण्याची जिद्द सुटली नव्हती. १९५४ ला भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली, पुन्हा दुहेरी मतदारसंघ आणि पुन्हा जोडीला अशोक मेहता. मुंबईचा अनुभव ताजा होता. मेहतांच्या लोकांचं दुसरं मत आपल्याला येईल याची खात्री नाही, मग आपलं दुसरं मत तरी त्यांना का द्यायचं, आपणही कुजवू, असं कार्यकर्त्यांमध्ये चाललं होतं. बाबासाहेबांनी याला ठाम नकार दिला, पडलो तरी चालेल पण मत वाया घालवायला सांगणार नाही अशी त्यांची भूमिका होती, असं आजही विदर्भात सांगितलं जातं.

मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून साधारण आठ हजार मतांनी हरले.

ही त्यांची शेवटची निवडणूक. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते, लोकसभेत मात्र त्यांना कधीच बसता आलं नाही. दुहेरी मतदारसंघ १९५७ च्या निवडणुकीतही राहिले आणि १९६१ च्या कायद्याने बंद झाले. १९६२ पासून एका मतदाराला एकच कागद मिळू लागला.