शिट्टीमागचा माणूस : दनी पापँ

तिसरी शिट्टी झाली की कुकर उतरवायचा, एवढे पाकशास्त्र आपल्याकडे वसतिगृहात राहणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. मात्र हे भांडे ज्याच्या डोक्यातून निघाले त्याचे नाव विचारले तर विज्ञानाचे विद्यार्थीसुद्धा घुटमळतात. इंग्रजी पुस्तकांत तो डेनिस पॅपिन म्हणून भेटतो. फ्रेंच उच्चार दनी पापँ.

पापँचा जन्म १६४७ साली फ्रान्समधील ब्ल्वाजवळ झाला. त्याने वैद्यकीची पदवी घेतली खरी, पण रोग्याच्या नाडीपेक्षा हवेचा दाब मोजण्यातच त्याचा जीव रमे. पॅरिसमध्ये हायगेन्सच्या हाताखाली आणि १६७५ पासून लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली तो हवेच्या पंपावर प्रयोग करीत राहिला. दोघेही त्या काळचे दिग्गज. पापँ मात्र तेव्हा त्यांचा मदतनीसच होता.

१६७९ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे एक जाड धातूचे, स्क्रूने झाकण आवळायचे भांडे ठेवले आणि त्याला ‘डायजेस्टर’ म्हणजे पचवणारे यंत्र असे नाव दिले. त्यामागचा विचार साधा होता. उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंशांना उकळू लागले की त्याखाली कितीही जाळ करा, ते त्याहून तापत नाही; जादा जळण नुसते वाफ होऊन जाते. वाफ कोंडली तर दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचते. मग तासाभराचे शिजणे पाव तासावर येते. (म्हणूनच कुकरला दाब आल्यावर ज्योत मोठी ठेवणे म्हणजे शिट्टीवाटे पैसे उडविणे!) पण कोंडलेली वाफ भांडे फोडील, त्याचे काय? पापँने झाकणाला एक छिद्र ठेवले, त्यावर झडप बसविली आणि तरफेला वजन टांगून ती दाबून धरली. दाब हाताबाहेर जाऊ लागला की वाफ वजन उचलून बाहेर पडे. आपल्या कुकरवरची शिट्टी ही त्या वजनाचीच नात.

१६८१ साली या भांड्यावर त्याने पुस्तक लिहिले. वैज्ञानिकाच्या पुस्तकात सहसा न आढळणारी गोष्ट त्यात आहे, ती म्हणजे कोळशाचा हिशेब. कोणता पदार्थ, किती वेळ आणि किती औंस कोळसा, हे तो एखाद्या काटकसरी गृहिणीसारखा टिपून ठेवतो. भांड्याच्या आतली उष्णता कळावी म्हणून झाकणावरच्या खळग्यात पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो किती सेकंदांत उडतो ते लंबकाने मोजायचे, ही त्याचीच युक्ती. त्याचा सारा रोख हाडांवर होता. मातीमोल किमतीला मिळणाऱ्या हाडांतून थोड्या जळणात पौष्टिक रस निघाला तर गरिबाच्या ताटात काही पडेल, अशी त्याची तळमळ होती.

१२ एप्रिल १६८२ रोजी सोसायटीच्या काही सभासदांना या भांड्यात शिजवलेले जेवण वाढले गेले. जॉन एव्हलिनने रोजनिशीत त्याची नोंद ठेवली आहे. गाईबैलांची आणि मेंढ्यांची टणक हाडे चीजसारखी मऊ झाली होती आणि कोळसा लागला होता आठ औंसांहून कमी, म्हणजे जेमतेम पाव किलो. पाहुणे खूश झाले.

स्वयंपाकघरांनी मात्र हे भांडे घेतले नाही. ते जड होते, महाग होते आणि झाकण आवळण्याचा खटाटोप मोठा होता. मला वाटते, खरी अडचण वेगळीच होती. ज्याला ते परवडत होते त्याला कोळसा मोजण्याची गरज नव्हती आणि ज्याला हाडांचा रस हवा होता त्याच्याकडे भांड्यापुरते पैसे नव्हते. पैसे वाचविणारी वस्तू घ्यायलाही आधी पैसे लागतात! हलके ॲल्युमिनियम आणि रबरी रिंग येईपर्यंत अडीचशे वर्षे गेली. भारतात १९५९ पासून प्रेशर कुकरचे कारखाने उभे राहू लागले. आपल्याकडे कित्येक घरांत पहिला कुकर आला तो भिशीच्या पैशांतून किंवा लग्नाच्या आहेरातून. एका ज्योतीवर वरण, भात आणि बटाटे एकदम होऊ लागले, तेव्हा सकाळच्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या बाईंना जो अर्धा तास मिळाला, तो मुळात पापँचा.

त्याच्या स्वतःच्या वाट्याला मात्र असे काही आले नाही. तो प्रॉटेस्टंट होता. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचे धार्मिक हक्क काढून घेतले आणि मायदेशाचे दार बंद झाले. पुढे तो जर्मनीत मारबुर्ग येथे गणिताचा प्राध्यापक झाला. झाकण उचलणारी वाफ दट्ट्याही उचलील, हे त्याने १६९० साली लेख लिहून दाखविले. वाफेच्या इंजिनाचे बीज ते हेच. १७०७ मध्ये चाकांवर चालणारी नाव घेऊन तो इंग्लंडकडे निघाला, तर म्युंडेनच्या नावाड्यांनी ती मोडून टाकली. (ती वाफेवर चालत होती असे पूर्वी छापले जाई, पण आता अभ्यासक तसे मानत नाहीत.)

लंडनला तो रिकाम्या हाताने परतला. बॉइल केव्हाच निवर्तला होता आणि सोसायटीच्या अध्यक्षपदी न्यूटन होता. पापँने नव्या प्रयोगांसाठी थोडेफार पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. १७१२ नंतर त्याचे पत्र सापडत नाही आणि त्याच्या मृत्यूची त्या वेळी कोणी दखलही घेतली नाही. त्याच १७१२ साली इंग्लंडात न्यूकमेनचे वाफेचे इंजिन खाणीतले पाणी उपसू लागले होते.