ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ

ठाणें, कल्याण व डोंबिवली या आमच्या भागांत लग्नसराई सुरू झाली म्हणजे वरातीपुढें पितळी वाद्यांचा बँड वाजूं लागतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांचें लक्ष पुस्तकांतून उडून खिडकीकडे जातें. त्या घोषांत ज्याचा नाद सर्वांच्या वर उठतो तें वाद्य म्हणजे ट्रम्पेट. पवित्र शास्त्रांतील कर्ण्याचा हा अर्वाचीन वंशज होय. यरीहोच्या तटाभोंवतीं कर्णे वाजले ही कथा सर्वांस ठाऊक आहे; पौलानेंहि करिंथकरांस लिहितांना कर्ण्याचाच दृष्टांत घेतला आहे. परंतु हें वाद्य वाजविणाऱ्याचें नांव विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. म्हणून ज्याचें नांव एके काळीं मुंबईभर गाजलें अशा एका ट्रम्पेटवादकाचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों. लोक त्यांस चिक चॉकलेट म्हणत. त्यांचें खरें नांव अंतोनियो झेवियर वाझ.

त्यांचा जन्म 1916 सालीं गोव्यांतील बारदेश तालुक्यांत हळदोणें या गांवीं झाला. ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल 1737 पर्यंत होता. गोव्यांत तो 1961 पर्यंत टिकला. त्या दीर्घ काळांत गोव्याच्या गांवोगांवीं देवळास जोडून शाळा चालत. उपासनेंतील गायनासाठीं तेथें मुलांस पांच रेघांची युरोपीय स्वरलिपि वाचावयास व वाद्य वाजवावयास शिकवीत. ज्या घरांत दोन वेळच्या अन्नाची भ्रांत असे, त्या घरचा मुलगाहि अशा रीतीनें स्वर वाचूं लागे. बाळ अंतोनियोचें संगीताचें शिक्षण अशाच शाळेंत झालें. त्यानें यंत्रकामाचा धंदा शिकून चार पैसे मिळवावे अशी आईची इच्छा होती, आणि तींत वावगें कांहींच नव्हतें. पण मुलाचें मन संगीताकडेच ओढ घेत होतें.

येथें या वाद्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हार्मोनियमची पट्टी दाबली कीं ठरलेला स्वर मिळतो. ट्रम्पेटाचें तसें नाहीं. त्यास दट्टे अवघे तीन. मधला दाबला तर स्वर अर्ध्यानें उतरतो, पहिला दाबला तर एका पूर्ण स्वरानें, आणि तिसरा दाबला तर दीडानें. बाकी सर्व काम वादकाच्या ओठांचें व श्वासाचें. एकहि दट्टा न दाबतां केवळ ओठांच्या ताणानें त्याच नळींतून अनेक स्वर काढावे लागतात. ओठ किंचित् ढळला कीं स्वर बिघडलाच. यास्तव ट्रम्पेट वाजविणाऱ्यास शेजाऱ्याचा स्वर सतत ऐकावा लागतो. जो दुसऱ्याचें ऐकत नाहीं त्यास हें वाद्य साधत नाहीं.

वाझ यांचें सर्व चरित्र या एका वाक्यांत आलें, असें आम्हांस वाटतें. त्यांचा पहिला शेजारी सातासमुद्रांपलीकडे होता. अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं 1901 सालीं जन्मलेला लुई आर्मस्ट्राँग हा निग्रो मुलगा अनाथ व उनाड मुलांच्या आश्रमांत कॉर्नेट वाजविण्यास शिकला. पुढें 1922 सालीं किंग ऑलिव्हर या ज्येष्ठ वादकानें त्यास शिकागोस बोलावून आपल्या शेजारीं बसविलें, आणि तेथून त्याची कीर्ति जगभर पसरली. त्याच्या ग्रामोफोनच्या तबकड्या हिंदुस्थानांतहि आल्या. तबकडी पुनःपुन्हा लावावयाची आणि कानानें टिपून घ्यावयाचें, हीच कित्येक तरुणांची शाळा झाली. वाझ यांनीं आर्मस्ट्राँगचें वादनच नव्हे, तर त्याचा घोगरा आवाज व हातांतील पांढरा रुमालहि उचलला. लोक त्यांस हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले.

दुसरी शाळा मुंबईची. 1935 सालीं लिऑन ॲबी याचा निग्रो वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला. त्यांत क्रिकेट स्मिथ हा वयानें वडील असा ट्रम्पेटवादक होता. तो पुढें मुंबईंत राहिला व त्यानें स्वतःचा बँड चालविला. गोव्याहून आलेल्या तरुणांस अशा कसलेल्या वादकांस जवळून ऐकण्याचा लाभ घडला. त्याच पिढींत फ्रँक फर्नांड हे दुसरे नामांकित ट्रम्पेटवादक पुढें आले. 1963 सालीं त्यांनीं 'आमचें नशीब' हा कोंकणी चित्रपट काढला. पोट भरण्यासाठीं घर सोडून आलेलीं हीं माणसें एकमेकांचें ऐकून व एकमेकांशीं चढाओढ करून वाढलीं. 1940 नंतरच्या वर्षांत वाझ यांचा स्वतःचा अकरा जणांचा बँड ताजमहाल हॉटेलच्या नृत्यशाळेंत वाजूं लागला.

हॉटेलांतील नाचास साथ करणें हें ख्रिस्ती तरुणास शोभतें काय, असा प्रश्न त्या काळीं पुष्कळ घरांत निघत असे. तो टाळावा असें आम्हांस वाटत नाहीं. रात्रीच्या धंद्यांत मोह असतात हें खरेंच. परंतु देवळाच्या शाळेंत मिळालेली विद्या प्रामाणिक श्रमानें विकून संसार चालविणाऱ्यास आम्ही दोष देणार नाहीं. शिवाय त्या विद्येचा मोठा उपयोग पुढेंच व्हावयाचा होता.

नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र, यांची व वाझ यांची गांठ पडली. चिनी आक्रमणांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1963 सालीं दिल्लींत गायिलेल्या गीतास चाल लावली ती यांनींच. आपल्या संगीतकारास चाल सुचते ती सा-रे-ग-मच्या भाषेंत. वाद्यवृंदांतील वादक वाचतो त्या पांच रेघा. या दोहोंमध्यें दुभाषी नसेल तर व्हायोलिन, सॅक्सोफोन व ट्रम्पेट यांनीं एकत्र वाजवावें कसें? गोव्याच्या वादकांनीं हें दुभाष्याचें काम केलें, आणि वाझ त्यांच्या अग्रभागीं होते. 1951 सालीं मास्टर भगवान यांचा 'अलबेला' आला. त्याच्या संगीतांत वाझ हे सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते, आणि त्यांतील एका गीतांत ते आपल्या बँडासह पडद्यावरहि दिसतात. हळदोण्याचा ख्रिस्ती वादक, पुणतांब्याचा ब्राह्मण गवई आणि गिरणगांवांत वाढलेला मराठा नट, यांच्या मेळांतून अवघ्या देशानें गुणगुणलेलीं गीतें निघालीं. त्याच सालच्या 'नादान' चित्रपटास वाझ यांनीं स्वतंत्रपणें संगीत दिलें. 1966 च्या 'आखरी खत' चित्रपटांतहि त्यांचें ट्रम्पेट आहे. पुढच्याच वर्षीं, म्हणजे 1967 सालीं, त्यांनीं इहलोक सोडला. त्या वेळीं वयाची साठीहि आली नव्हती.

त्यांनीं दुसऱ्याची नक्कल केली, असा आक्षेप कोणी घेईल. आमचें उत्तर असें कीं, शिकणारा प्रत्येक जण आरंभीं नक्कलच करतो. आम्ही फळ्यावर लिहितों तें मुलें पाटीवर उतरून घेतात तें दुसरें काय आहे? पाहावयाचें तें इतकेंच कीं, उसनें घेतलेल्या भांडवलावर त्यानें काय उभारलें. वाझ यांनीं तबकड्यांवर ऐकलेला अमेरिकेचा सूर मराठी संगीतकाराच्या चालीस जोडून दिला, आणि तो आज आम्हांस परका वाटत नाहीं. खंत आहे ती निराळीच. त्या काळच्या तबकड्यांवर गाणाऱ्याचें नांव छापीत, चाल लावणाऱ्याचें छापीत. फुंकून फुंकून ज्यांचे ओठ सुजले त्यांचीं नांवें कोठेंच नसत. वाझ यांचें नांव उरलें. त्यांच्या बाजूस बसून वाजविणाऱ्या कितीकांचीं तेवढींहि उरलीं नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळीं आपल्या रस्त्यावरून बँड जाईल तेव्हां अवश्य ऐका; आणि वरात थांबली म्हणजे ट्रम्पेटवाल्यास त्याचें नांव विचारा.