मधली पांढरी जागा

जुन्या सलूनमध्ये दोन्ही भिंतींवर समोरासमोर आरसे असत. खुर्चीत बसले की आपल्यामागे आपण, त्यामागे पुन्हा आपण, अशी न संपणारी रांग दिसे. आरशाविना, केवळ हाताने हा खेळ कागदावर मांडणारे डच चित्रकार मॉरिट्स एशर यांची ओळख आम्ही यंदा वाचकांना करून देत आहोत.

त्यांचा जन्म १७ जून १८९८ रोजी नेदरलँड्समधील लेउवार्डनचा. वडील सिव्हिल इंजिनिअर, मुलगा मात्र शाळेच्या अखेरच्या परीक्षेत नापास! हारलेमला ते वास्तुकला शिकायला गेले. तिथे द मेस्किता या शिक्षकांनी त्यांचा हात ओळखून त्यांना छापचित्रांकडे वळवले.

पुढे इटलीत बिऱ्हाड केले. १९३५ साली नऊ वर्षांच्या मुलावर फॅसिस्ट गणवेशाची सक्ती झाली, तेव्हा त्यांनी रोम सोडले. द मेस्किता ज्यू होते. १९४४ मध्ये नाझींनी त्यांना धरून नेले आणि आउश्वित्झमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या रिकाम्या घरातून एशर यांनी गुरूंची चित्रे उचलून आणली आणि सांभाळली. आम्हाला त्यांच्या कलेइतकेच याचेही मोल वाटते.

१९५६ साली त्यांनी ‘प्रिंट गॅलरी’ हे चित्र केले. दालनात एक तरुण बंदराचे चित्र पाहतो आहे. त्यातले जहाज, मग गावातली घरे फुगत जातात आणि त्याच घरांखाली तेच दालन, त्यात तोच तरुण! म्हणजे तो ज्या चित्राकडे पाहतो, त्याच चित्रात उभा आहे. यासाठी एशर यांनी आधी वाकड्या रेषांची जाळी आखली. तिच्या प्रत्येक बाजूने चित्र चौपट होते, चार बाजू फिरून आले की २५६ पट. सरळ चौकटीतले चित्र त्यांनी एकेक चौकोन करून त्या जाळीत भरले. टी-स्क्वेअर घेऊन रात्र-रात्र शीट काढलेल्या आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांना यातला घाम चटकन कळतो.

मधोमध मात्र रेषा इतक्या दाटत गेल्या, की ती जागा त्यांनी पांढरीच ठेवली आणि तिथे सही केली.

२७ मार्च १९७२ रोजी ते गेले. लायडन विद्यापीठातील हेंड्रिक लेन्स्ट्रा व सहकाऱ्यांनी त्या जाळीचे गणित सोडवून संगणकाने ती जागा भरली. २००३ साली हे काम प्रसिद्ध झाले. त्या पांढऱ्या जागेत अख्खे चित्रच पुन्हा निघाले, सुमारे साडेबावीस पट लहान, जवळजवळ उलटे फिरलेले. आणि त्याच्याही मधोमध पुन्हा तेच.