भोवळीचं मूळ कानात शोधणारे डॉक्टर
मंठा : भोवळ आली की आपल्याकडं आधी पित्त, नाहीतर बीपी. कानाकडं लक्ष जातच नाही. फ्रान्सचे डॉ. प्रॉस्पर मेनिएर यांचं गेलं. १७९९ मध्ये आंजे शहरात जन्मलेले मेनिएर १८३८ पासून पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत डॉक्टर होते. गरगरणं, उलटी, कानात घूं घूं अन् बहिरेपण, असा रोगी आला की त्याकाळी मेंदूचा झटका समजून रक्त काढायचे. दुखणं आतल्या कानाचं आहे, हे त्यांनी १८६१ साली मांडलं. बऱ्याच जणांना पटलं नाही. पुढच्याच वर्षी ते वारले. आतल्या कानातलं पाणी वाढून नाजूक पिशव्या फुगतात, हे १९३८ मध्ये मृत रोग्यांचे कान तपासल्यावर दिसलं. त्या फुगण्यानं बहुधा जाड आवाज आधी हरवतात, कधी परतही येतात. आजाराला नाव मेनिएरचंच आहे.