विश्लेषण : नागासाकीच्या टेकडीवरचा वसईकर, भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया कोण होते?

जपानमधील नागासाकी रेल्वे स्थानकापासून चालत काही मिनिटांवर निशिझाका नावाची टेकडी आहे. तिथे एका लांब भिंतीवर २६ माणसांच्या ब्राँझच्या मूर्ती ओळीने उभ्या आहेत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी या टेकडीवर त्या सर्वांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यातील २० जण जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा. त्यांचे नाव गोन्सालो गार्सिया.

वसई आपल्याकडे माहीत आहे ती चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयामुळे. गार्सिया यांची गोष्ट त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची. धर्मासाठी प्राण देणाऱ्याला मराठी ख्रिस्ती लोक रक्तसाक्षी म्हणतात. गार्सिया यांच्या मृत्यूमागे मात्र श्रद्धेबरोबरच राजकारण, व्यापार आणि एक भरकटलेले जहाजही होते.

जन्म आणि बालपण

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतर साधारण वीस-बावीस वर्षांनी, १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणातली. त्यांचे शिक्षण वसईत येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली झाले. पंधरा-सोळा वर्षांचे असताना, १५७२ च्या सुमारास, ते या धर्मगुरूंसोबत जपानला गेले.

तिथे ते जपानी भाषा शिकले. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून काम केले. येशूसंघात रीतसर प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती, पण ती पूर्ण झाली नाही. त्या काळी मिश्र वंशाच्या तरुणांना संघात घ्यायला युरोपीय धर्मगुरू फारसे राजी नसत. शेवटी गोन्सालो बाहेर पडले आणि व्यापारात उतरले. धंद्यात जमही बसला. पण मन तिथे रमले नाही. फिलिपिन्समधील मनिला या स्पॅनिश बंदरात जाऊन ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे ब्रदर म्हणून.

जपानला परत का गेले?

तेव्हा जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हाती होती. अनेक लढायांनंतर त्याने विखुरलेला जपान एका छत्राखाली आणला होता. मनिलाच्या स्पॅनिश राज्यकर्त्यांनीही आपले वर्चस्व मान्य करावे, अशी त्याची मागणी होती. त्याला उत्तर म्हणून १५९३ मध्ये मनिलाहून एक शिष्टमंडळ निघाले. प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बौतिस्ता आणि दुभाषे होते गोन्सालो गार्सिया.

हे काम नाजूक होते. समोर संशयी सत्ताधीश, पाठीशी स्पेनचे साम्राज्य आणि मधले प्रत्येक वाक्य गोन्सालो यांच्या तोंडून जाणार. भेट यशस्वी झाली. फ्रान्सिस्कनांना क्योटोत राहण्याची परवानगी मिळाली. तिथे त्यांनी चर्च आणि मठ बांधला, कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उभारले. अमरावतीचे तपोवन पाहिलेल्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. समाजाने बाहेर काढलेल्या रुग्णाला तिथे अंथरूण आणि अन्न मिळत होते.

मग बिनसले कुठे?

कारण एक नव्हते. हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण पोर्तुगीज व्यापार हवा असल्याने त्याची कडक अंमलबजावणी झाली नाही. जेझुइट तेव्हापासून सावधपणे, फार गाजावाजा न करता काम करत. फ्रान्सिस्कन उघडपणे प्रवचने करू लागले. त्यात पोपने १५८५ मध्ये जपानचे क्षेत्र फक्त जेझुइटांसाठी राखून ठेवले होते, त्यामुळे दोन्ही संघांत धुसफूस होती.

अशातच ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. कोरियातील युद्ध आणि त्याच वर्षीचा मोठा भूकंप यामुळे हिदेयोशीच्या तिजोरीवर ताण होता. जहाजावरील माल जप्त झाला. स्पेन आधी मिशनरी पाठवतो आणि मागून सैन्य, असे जहाजाच्या सुकाणूधाऱ्याने जपानी अधिकाऱ्यांना सांगितल्याची कथा आहे. ती कितपत खरी, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण संशय बळावला आणि डिसेंबरमध्ये क्योटोतील मठाभोवती पहारा बसला.

शेवटचा महिना

३ जानेवारी १५९७ रोजी २४ कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची क्योटोत धिंड काढण्यात आली. त्यानंतर सुमारे ८०० किलोमीटरवरच्या नागासाकीचा प्रवास सुरू झाला. अमरावतीहून मुंबई जेवढी लांब आहे, त्यापेक्षाही हे अंतर जास्त. तेही ऐन हिवाळ्यात, महिनाभर, गावागावांतून लोकांना दहशत बसावी म्हणून. वाटेत कैद्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही पकडण्यात आले आणि संख्या २६ झाली.

या २६ जणांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी जेझुइट आणि १७ सामान्य जपानी ख्रिस्ती. त्यात तीन लहान मुले होती. सर्वांत धाकटा लुई इबाराकी अवघा १२ वर्षांचा होता. ५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर शिक्षा अमलात आली. सर्वांत आधी गोन्सालो यांना क्रुसावर चढवण्यात आले, असे परंपरा सांगते. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते.

पुढे काय झाले?

पुढच्याच वर्षी, १५९८ मध्ये हिदेयोशीचा मृत्यू झाला. छळ मात्र थांबला नाही. तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. संशयितांना येशू किंवा मारिया यांच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावून परीक्षा घेतली जाई. हजारो कुटुंबांनी अडीचशे वर्षे आपली श्रद्धा घरात लपवून जपली.

गोन्सालो आणि त्यांच्या साथीदारांना ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. त्यांच्या स्मरणार्थ नागासाकीत ओउरा चर्च बांधले गेले. १८६५ मध्ये याच चर्चमध्ये लपून राहिलेल्या ख्रिस्ती गावकऱ्यांनी पहिल्यांदा धर्मगुरूंसमोर आपली ओळख उघड केली. बंदी उठली ती १८७३ मध्ये.

भारतात जन्मलेल्या दुसऱ्या कोणाला संतपद मिळायला त्यानंतर सुमारे दीड शतक लागले. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा २००८ मध्ये संत झाल्या. त्रावणकोरमध्ये १७५२ साली गोळ्या घालून मारले गेलेले देवसहायम पिल्लई २०२२ मध्ये. वसईजवळच्या गास गावात आज गोन्सालो यांच्या नावाचे चर्च आहे आणि वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय.

या गोष्टीची दुसरी बाजू

गोन्सालो जपानमध्ये श्रद्धेसाठी मारले गेले, त्याच काळात इकडे पोर्तुगीज सत्ता गोवा आणि वसईत मंदिरे पाडत होती. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले होते आणि नवख्रिस्ती व हिंदू दोघेही त्याच्या जाचात होते. मिशनऱ्यांच्या मागून सत्ता येते, ही हिदेयोशीची भीती अगदीच निराधार नव्हती.

पण त्या भीतीची किंमत कोणी मोजली? स्पेनच्या राजाने नाही आणि मनिलाच्या गव्हर्नरनेही नाही. ती मोजली रुग्णांची सेवा करणाऱ्या ब्रदरने, स्थानिक कारागिरांनी आणि १२ वर्षांच्या पोराने. गोवा असो वा नागासाकी, सत्तेने माणसाच्या श्रद्धेला राजद्रोह ठरवले, की शिक्षा जवळ सापडणाऱ्या साध्या माणसालाच होते. ज्याच्या आईची भूमी कोकण होती आणि ज्याने परक्या देशाची भाषा आपली केली, त्या वसईकराचे आयुष्य आजही अभ्यासावे ते यासाठी.