आठवडाभराच्या परिषदेला गेल्या आणि युद्धात अडकल्या : जानकी अम्मल यांची गोष्ट

परदेशात एखादी वैज्ञानिक परिषद जाहीर होते. तिला जायचं तर आपल्या कामाचा सारांश पाठवायचा, तो मंजूर होण्याची वाट पाहायची, संस्थेकडून रजा मिळवायची, प्रवासखर्चासाठी अर्ज करायचे आणि शेवटी व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं. वनस्पतींवर काम करणाऱ्या आजच्या तरुण संशोधकांना हे सगळं पाठ असतं. एवढं करून तिथे मिळतं काय? बोलायला दहा-पंधरा मिनिटं, नाहीतर एक पोस्टर लावायला जागा.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

याचं एक चांगलं उत्तर जानकी अम्मल यांच्या आयुष्यात सापडतं. उसाच्या पेशींमधली गुणसूत्रं मोजणाऱ्या या भारतीय शास्त्रज्ञ १९३९ मध्ये एका परिषदेसाठी स्कॉटलंडला गेल्या. परिषद होती जेमतेम आठवडाभराची. पण तिच्यामुळे त्यांच्या पुढच्या आयुष्याची दिशाच बदलली.

थलश्शेरीहून मिशिगनला

जानकी अम्मल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ चा. गाव केरळच्या मलबार किनाऱ्यावरचं थलश्शेरी, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं तेल्लिचेरी. वडील ई. के. कृष्णन न्यायखात्यात होते आणि त्यांना पक्षी व झाडांचा मोठा नाद. घराभोवती बाग होती, घरात पुस्तकं होती आणि भावंडं तर भरपूर. झाडांची ओढ जानकींना घरातूनच लागली.

त्या काळात मुलगी वयात आली की लग्न हे ठरलेलंच. जानकींनी मात्र संसाराऐवजी शिक्षणाची वाट धरली. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजमध्ये आणि मग प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये त्या शिकल्या. १९२१ मध्ये वनस्पतिशास्त्रात ऑनर्सची पदवी घेतली आणि मद्रासच्याच विमेन्स ख्रिश्चन कॉलेजमध्ये शिकवायला लागल्या.

तिथे त्यांना एक संधी मिळाली. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात आशियाई देशांतल्या स्त्रियांसाठी बार्बर शिष्यवृत्ती होती. ती जानकींना मिळाली आणि त्या अमेरिकेला निघाल्या.

न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरल्यावर मात्र अधिकाऱ्यांनी कागदपत्रांसाठी त्यांना थांबवून ठेवलं. त्यांची रेशमी साडी आणि लांब केस पाहून कोणीतरी विचारलं की तुम्ही भारतातल्या राजकन्या आहात का. जानकींनी ते नाकारलं नाही आणि त्यांना आत सोडलं, असा किस्सा त्यांच्याबद्दल सांगितला जातो.

मिशिगनमध्ये त्यांनी मास्टर्स पूर्ण केलं. मायदेशी येऊन पुन्हा शिकवलं, पुन्हा मिशिगनला गेल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट घेतली. वनस्पतिशास्त्रात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव येतं. परतल्यावर त्रिवेंद्रमच्या महाराजा कॉलेज ऑफ सायन्समध्ये त्यांनी दोन वर्षं प्राध्यापकी केली.

उसाच्या नावातलं 'को'

१९३४ मध्ये त्या कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात जनुकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. हे केंद्र मराठी शेतकऱ्याला वेगळ्या वाटेने ओळखीचं आहे. महाराष्ट्रात लावल्या जाणाऱ्या को ७४०, को ८६०३२ अशा उसाच्या जातींच्या नावात जे 'को' असतं, ते याच कोईमतूरचं.

तेव्हा या केंद्रापुढचा प्रश्न असा होता. जाड, रसाळ, गोड ऊस भारताच्या हवामानात नाजूक ठरत होता. उत्तरेतला देशी ऊस काटक, पण बारीक आणि कमी साखरेचा. यावर उपाय म्हणून कोईमतूरच्या शास्त्रज्ञांनी गोड उसाचा संकर नदीकाठी माजणाऱ्या एका रानगवताशी केला. या गवताला हिंदीत कांस म्हणतात. ते दिसायला साधं, पण नात्याने उसाचं भावंड. गोड उसाची साखर आणि कांसाचा काटकपणा एकाच रोपात आणायचा, हा त्यामागचा हेतू.

पण कुठल्या झाडाचं कुठल्या झाडाशी जमेल, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पेशीच्या आत, गुणसूत्रांपर्यंत जावं लागतं. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात आणि हा आकडा बहुधा सगळ्यांत सारखाच. कांसाचं तसं नाही. वेगवेगळ्या भागांतल्या कांसात ४० पासून १२८ पर्यंत गुणसूत्रं सापडतात. गोड उसात ती ८० असतात.

जानकी अम्मल हेच काम करत होत्या. मुळाचं कोवळं टोक घ्यायचं, त्याला रंग द्यायचा, काचपट्टीवर दाबून पसरवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गुणसूत्र मोजायचं. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या कांसाचे नमुने त्यांनी अशा रीतीने तपासले. कुठल्या प्रदेशातून हे गवत कसं पसरलं असावं, याचा अंदाज त्यातून बांधता येत होता. त्यांनी उसाचा संकर इतर गवतांशीही करून पाहिला. ऊस आणि मका यांच्या संकरावरचं त्यांचं टिपण १९३८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं.

काम उत्तम चाललं होतं, पण संस्थेतले दिवस सोपे नव्हते. पुरुषांच्या त्या जगात त्या एकट्या होत्या. त्यातून अविवाहित आणि जातिव्यवस्थेने खाली लेखलेल्या तिय्या समाजातल्या. आपल्या कामाला बरोबरीचा मान मिळेल अशी जागा त्यांना हवी होती.

एडिंबरा, ऑगस्ट १९३९

जनुकशास्त्रज्ञांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद २३ ऑगस्ट १९३९ ला स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात सुरू होणार होती. अशा परिषदेचं तेव्हाचं महत्त्व आज चटकन लक्षात येत नाही. परदेशी नियतकालिक बोटीने यायला कित्येक आठवडे लागायचे. दुसऱ्याच्या काचपट्ट्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या, बियाणं मागायचं, आपल्या निष्कर्षावर समोरासमोर वाद घालायचा, तर प्रत्यक्ष जाण्यावाचून इलाज नव्हता. मुंबईहून इंग्लंडपर्यंतचा बोटीचा प्रवासच दोन-तीन आठवड्यांचा. तरीही जानकी अम्मल गेल्या.

या परिषदेत कोण येऊ शकलं नाही, हेही पाहण्यासारखं आहे. मुळात ती १९३७ मध्ये मॉस्कोला व्हायची होती, पण सोव्हिएत राजवटीत जनुकशास्त्रालाच वाईट दिवस आले आणि तो बेत फिसकटला. एडिंबराच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांची निवड झाली होती. जगभर हिंडून पिकांचं बियाणं गोळा करणारा आणि कुठलं पीक मूळचं कुठलं याचा नकाशा मांडणारा हा माणूस. त्यांना देश सोडण्याची परवानगी मिळाली नाही. त्यांच्या जागी फ्रान्सिस क्रू यांनी अध्यक्षपद सांभाळलं. पुढच्याच वर्षी वाविलोव यांना अटक झाली आणि १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

परिषद सुरू झाली त्याच दिवशी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. युद्ध दारात आलं होतं. जर्मन प्रतिनिधी सभा अर्धवट सोडून निघाले. पाठोपाठ इतर देशांचे लोकही परतीची बोट शोधू लागले. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि ३ सप्टेंबरला ब्रिटन युद्धात उतरलं.

जानकी अम्मल इंग्लंडमध्येच अडकल्या.

बॉम्बच्या सावलीत गुणसूत्रांचा कोश

अडकल्या, पण त्या रिकाम्या बसल्या नाहीत. लंडनच्या मर्टन भागात जॉन इन्स संस्था होती. तिचे प्रमुख सिरिल डार्लिंग्टन हे गुणसूत्रांच्या अभ्यासातलं त्या काळचं मोठं नाव. तिथे १९४० पासून जानकी अम्मल पेशीशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागल्या.

लंडनवर रात्री जर्मन विमानं बॉम्ब टाकत. हल्ला झाला की त्या पलंगाखाली शिरत आणि सकाळी फळ्यांवरच्या काचा झटकून पुन्हा कामाला लागत, असं त्यांच्याबद्दल सांगतात.

या कामातून १९४५ मध्ये डार्लिंग्टन आणि जानकी अम्मल या दोघांच्या नावाने एक ग्रंथ निघाला. लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा तो कोश होता. जगभरच्या संशोधकांनी मोजलेले आकडे त्यात एकत्र आणले होते. नवा संकर करू पाहणाऱ्याने आधी तो उघडावा, असं ते पुस्तक. कोईमतूरमध्ये एका गवताचा हिशोब ठेवणाऱ्या बाई आता जगातल्या पिकांचा हिशोब मांडत होत्या.

त्यानंतर त्या विस्लीच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत रुजू झाल्या. पगारावर नेमलेल्या तिथल्या त्या पहिल्या स्त्री शास्त्रज्ञ. कोल्चिसिन नावाचं द्रव्य रोपांच्या वाढत्या टोकाला लावलं की पेशीतली गुणसूत्रं दुप्पट होतात. पानं आणि पाकळ्या मोठ्या, जाड येऊ शकतात. हा प्रयोग त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर केला. त्या फुलांचा एक प्रकार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

मायदेशी बोलावणं

१९५१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी त्यांना भारतात बोलावलं. काम होतं भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याची नव्याने घडी बसवण्याचं. इंग्रजांनी हे खातं १८९० मध्ये काढलं होतं, पण स्वातंत्र्य मिळेपर्यंत त्यात फारसा जीव राहिला नव्हता. भारतातल्या कितीतरी वनस्पतींचे मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयांत पडून होते. आपल्या झाडांची ओळख पटवायला परदेशी जावं लागू नये, भारतीय शास्त्रज्ञांनीच रानावनात फिरून नमुने जमवावेत, असा जानकी अम्मल यांचा आग्रह होता.

१९५२ मध्ये विशेष अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे त्या अलाहाबादच्या केंद्रीय वनस्पती प्रयोगशाळेच्या संचालक झाल्या. खात्याच्या पुनर्रचनेतूनच १९५५ मध्ये पुण्याचं पश्चिम विभागाचं केंद्र सुरू झालं. सह्याद्री आणि कोकणातल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांना ते चांगलंच परिचयाचं आहे. खात्याचं प्रमुखपद मात्र जानकी अम्मल यांच्याकडे आलं नाही. मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव यांना नेमण्यात आलं.

याच दिवसांत, अन्नधान्य वाढवण्याच्या मोहिमेत जंगलं कशी साफ होत आहेत, हे त्यांना दिसत होतं. मॅग्नोलियाच्या एका दुर्मीळ जातीचं त्या भागातलं एकमेव झाड पाहायला त्या शिलाँगपासून ३७ मैल गेल्या. पोचल्यावर कळलं, झाड जाळून टाकलंय.

सत्तर पुरुषांत एकटी बाई

जून १९५५ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला एक मोठा परिसंवाद भरला. माणसाने पृथ्वीचं रूप कसं बदललं, हा विषय. पर्यावरण हा शब्द अजून घरोघरी पोचला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. सत्तरएक तज्ज्ञ निमंत्रित होते आणि त्यांत स्त्री एकच, जानकी अम्मल.

त्यांनी तिथे भारतातल्या पोटापुरत्या शेतीबद्दल मांडणी केली. आदिवासी समाज कुठली पिकं घेतात, रानातून काय गोळा करतात, त्यात स्त्रियांचा वाटा किती असतो, हे त्यांनी सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी एडिंबराला त्या गुणसूत्रांच्या अभ्यासक म्हणून गेल्या होत्या. आता त्या झाडाबरोबर झाडाभोवतीच्या माणसांबद्दलही बोलत होत्या.

आज अर्ज करणाऱ्यांसाठी

निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. १९७० नंतर मद्रासजवळच्या मदुरवॉयल इथल्या क्षेत्रीय प्रयोगशाळेत त्या काम करत राहिल्या. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली. केरळच्या सायलेंट व्हॅलीत कुंतिपुळा नदीवर वीजप्रकल्पासाठी धरण बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या या बाई विरोध करणाऱ्यांमध्ये उभ्या राहिल्या. त्या खोऱ्यातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांची पाहणीही त्यांनी हाती घेतली. जंगल वाचवायचं तर त्यात काय आहे याची नोंद आधी हवी, हा त्यामागचा साधा हिशोब.

७ फेब्रुवारी १९८४ ला, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली.

युद्धाच्या काळात ज्या जॉन इन्स संस्थेने त्यांना काम दिलं, तिथे आता विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी पीएचडीची शिष्यवृत्ती आहे. ती जानकी अम्मल यांच्या नावाने दिली जाते. वनस्पतींवर संशोधन करू पाहणाऱ्या ज्या मुलामुलींकडे बोटभर कागदपत्रं आणि थोडीशी धाकधूक यापलीकडे फारसं काही नसतं, त्यांनी भरायचा हा आणखी एक अर्ज.